अवघड दगडाचे बाण



दगडी बाण म्हटले की डोळ्यांसमोर एक ठरावीक आकार उभा राहतो. पिंपळपानासारखे निमुळते टोक, दोन्ही अंगांनी बारीक बारीक टवके काढलेले, बुडाशी दांड्याला बांधण्यासाठी खाचा. अशी बाणाग्रे अमेरिकेत आणि युरोपात भरपूर मिळतात, आणि चित्रांतून आपण ती इतक्यांदा पाहिली आहेत की बाणाचे दगडी टोक असेच असते अशी आपली समजूत होऊन बसली आहे. मग आपल्याकडच्या एखाद्या संग्रहालयात अश्मयुगाच्या कपाटाशी गेले की काय दिसते? नखाएवढे तुकडे. त्रिकोणी, चंद्रकोरीसारखे, काही नुसतेच बोथट पाठीचे. शेजारी काळ्या पाषाणाच्या ओबडधोबड हातकुऱ्हाडी. आणि पाहणाऱ्याच्या मनात एक प्रश्न येतो, जो तो उघडपणे विचारत नाही: आपल्या भूमीतला माणूस या कलेत मागे होता काय?

या प्रश्नाला माझे उत्तर नाही असे आहे, आणि ते अभिमानापोटी दिलेले नाही. ते दगड पाहून दिलेले आहे. कारागिराचे कसब जोखायचे तर त्याच्या हातून काय घडले ते पाहण्याआधी त्याच्या हातात काय होते ते पाहावे लागते. महाराष्ट्रातल्या माणसाच्या हातात फार अवघड दगड होते. ते किती अवघड, त्यांतून त्याने वाट कशी काढली, आणि आपण त्याचे काम ओळखण्यात कुठे चुकतो, एवढेच मला आज मांडायचे आहे.

हे मांडायला आपल्या या वणीपेक्षा योग्य जागा शोधून सापडणार नाही. श्रोतेहो, आपण ज्या जमिनीवर बसलो आहोत तिच्या आसपास किती तऱ्हेचे खडक एकमेकांना भिडलेले आहेत याचा आपण क्वचितच विचार करतो. पश्चिमेकडून दख्खनचा काळा पाषाण येतो, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. शिबला-पार्डीकडे त्याचे सहाकोनी खांब उघडे पडल्याचे वर्तमानपत्रांतून आपण सगळ्यांनी वाचले आहे. आपल्या खाणींतला कोळसा त्याहून कितीतरी जुन्या गोंडवन काळातला, आणि त्याच्या जोडीला वालुकाश्म. राजूरच्या चुनाभट्ट्यांना आणि मुकुटबनच्या सिमेंटला दगड पुरवणारा चुनखडक तर त्याहूनही पुरातन. या पैनगंगा खोऱ्यातल्या चुनखडकाच्या सोबतीला आदिलाबादच्या बाजूला चर्टचे थर सापडतात. आणि या सगळ्यांतून वाहत येऊन वर्धा आणि पैनगंगा जुगाद-वढ्याशी एकत्र येतात. नदी जो खडक कापते त्याचे गोटे ती खाली आणते. म्हणजे अश्मयुगीन माणसाच्या दृष्टीने आपला हा टापू दगडांचा मोठा बाजार होता. माल पुष्कळ होता. त्यातला घडवायला सोपा मात्र थोडाच होता.

दगड सोपा की अवघड हे कशावरून ठरते? पहिले उत्तर सुचते ते कठीणपणाचे, पण कठीणपणाचा संबंध इथे थोडा आहे. ज्वालामुखी काच, म्हणजे ऑब्सिडियन, हा टवके काढण्यासाठी जगातला सर्वांत आज्ञाधारक दगड मानतात. त्याचा कठीणपणा मोजपट्टीवर ५ ते ५.५ भरतो. अकीक आणि गार यांचा ७ च्या आसपास. पण अकीक आणि गार या दोघांचा कठीणपणा जवळपास सारखा असून अकीक वागायला शहाणा आणि गार हट्टी, असे का? कारण खरा भेद पोताचा आहे. दगडाच्या कडेवर नेमक्या कोनात घाव बसला की आत एक तडा शिरतो आणि शिंपल्यासारख्या गोलसर लाटेने पुढे सरकत टवका सुटतो. हा तडा सरळ जायचा असेल तर दगड आतून एकजीव हवा. कण बारीक हवेत, आत चिरा नकोत, पोकळ्या नकोत. काचेत कणच नाहीत, म्हणून तडा मनासारखा धावतो. अमेरिकेतला ईशी नावाचा आदिवासी १९११ मध्ये बाहेरच्या जगासमोर आला. पुढे संग्रहालयात राहून तो बाटलीच्या काचेपासून देखणी बाणाग्रे करून दाखवी. त्याचे कसब वादातीत आहे. पण तेच कसब काळ्या पाषाणावर चालले असते का, हा प्रश्न आपण विचारायला हवा.

आता काळ्या पाषाणाकडे येऊ, कारण महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यानेच बनलेला आहे. हा दगड कणीदार. पुष्कळ ठिकाणी त्यात वायूच्या बुडबुड्यांनी सोडलेल्या पोकळ्या. घावाचा जोर कणाकणांशी अडतो, तडा मध्येच वळतो किंवा पायरीसारखा तुटून थांबतो. कड धारदार निघाली तरी लवकर बोथट होते. या दगडाची अपकीर्ती एवढी होती की दख्खनच्या पाषाणाच्या प्रदेशात आदिमानव राहिलाच नसावा, कारण हत्यारांना योग्य असा क्वार्टझाइट इथे नाही, असे मत अभ्यासकांत बराच काळ रूढ होते. नाशिकजवळ गंगापूर येथे गोदावरीच्या काठी पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलियांना हत्यारे मिळाली, १९५२ मध्ये त्यांनी त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि ते मत मागे पडले. पुढे १९६६ ते १९६९ या काळात गुडरुन कॉर्विनस यांनी नेवाशाजवळ चिरकी येथे उत्खनन केले. तिथे घट्ट बेसॉल्ट आणि डोलराइट यांची हातकुऱ्हाडी, फरश्या (रुंद धारेच्या कुऱ्हाडी) अशी मोठी हत्यारे निघाली. त्या माणसांची निवड पाहा. पोकळ्यांनी भरलेला सच्छिद्र दगड त्यांनी टाळला, बारीक पोताचा घट्ट दगड घेतला. मोठ्या शिळेवरून एकाच जबर घावात मोठा टवका काढायचा आणि त्याची मूळची धारदार कड तशीच ठेवून फक्त बाजू नीट करायच्या, ही फरशी घडवण्याची रीत. कणीदार दगडावर शंभर बारीक टवके काढत बसण्यात अर्थ नाही हे त्यांना कळले होते. जिथे दगड थोड्याच घावांना साथ देतो तिथे थोड्या घावांत काम साधणे, ही बुद्धी त्या ओबडधोबड दिसणाऱ्या हत्यारात आहे. आणि म्हणूनच बारीक, पातळ बाणाग्राची अपेक्षा या दगडाकडून करणे गैर आहे.

दुसरा अवघड दगड गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा. गारगोटी पांढरी, चकचकीत, सगळीकडे पडलेली. हातात घेतली की वाटते, याच्याहून चांगले काय असणार? पण खडकांच्या भेगांत तयार झालेल्या गारेत निरनिराळे स्फटिक एकमेकांत घुसलेले असतात आणि आत न दिसणाऱ्या चिरा असतात. घाव घातला की ती टवका देण्याऐवजी ढासळते, खडे होऊन विखुरते. बाभळीच्या गाठीच्या ओंडक्यावर कुऱ्हाड घालावी तसे होते. फाळ कुठे निघेल याचा नेम नाही. यावर जगभरच्या माणसांनी एकच युक्ती काढली. गारगोटी हातात धरून मारायचे सोडून ती दगडी ऐरणीवर उभी धरायची आणि वरून हातोडा घालायचा. जोर वरून आणि खालून, दोन्ही टोकांनी शिरतो आणि गारगोटीच्या उभ्या पाकळ्या सुटतात. या रीतीला कोणी कच्ची म्हणतात. माझ्या मते ती अतिशय पक्की आहे. सुबक आकाराचा आग्रह तिने सोडला आणि धारेचा धरला. दक्षिण आफ्रिकेतील सिबुडू गुहेत ६० हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची क्वार्ट्झची इवली हत्यारे मिळाली आहेत, आणि त्यांवर ती दांड्याला चिकटवल्याचे चिकाचे अंश आहेत. श्रीलंकेतल्या गुहांतही क्वार्ट्झची सूक्ष्मास्त्रे, म्हणजे अशीच इवली हत्यारे, आहेत, आणि त्याच बेटावरच्या फा-हिएन गुहेत सुमारे ४८ हजार वर्षांपूर्वीची हाडाची बाणाग्रे. ही हाडाची टोके लक्षात ठेवा. दगड रुसला म्हणून शिकार थांबली नाही, टोकाचे काम हाडाने केले.

तिसरा दगड आपल्या महाराष्ट्राचे खरे धन आहे. काळ्या पाषाणातल्या त्या पोकळ्या, ज्यांनी पाषाणाला हत्यारांसाठी नालायक केले, त्यांतच पुढे सिलिका साचून कॅल्सेडनी, अकीक, जॅस्पर तयार झाले. पाषाण झिजतो, हे कठीण गोटे उरतात आणि नद्या ते वाहून नेतात. पोत अतिबारीक, तडा शिंपल्यासारखा, धार वस्तऱ्याची. मग अडचण कोणती? अडचण आकाराची. गोटा मुठीएवढा, पुष्कळदा लिंबाएवढाच. वर कवच, मध्ये कधी स्फटिकांची पोकळी, कधी पट्ट्यापट्ट्यांतून जाणाऱ्या चिरा. डेन्मार्कच्या कारागिराला हातभर लांबीचा निर्दोष चकमकीचा दगड मिळे, त्यातून तो वीतभर खंजीर घडवू शके. लिंबाएवढ्या गोट्यातून खंजीर कसा काढणार? इथे आपल्या माणसाने जे केले ते मला या साऱ्या कथेतले सर्वांत बुद्धिमान पाऊल वाटते. त्याने हत्यार एका दगडाचे करणे सोडले. गोट्यातून काडीसारखी पाती काढली, पाती मोडून त्रिकोण, चंद्रकोरी, टोके केली, आणि ती लाकडाच्या किंवा बांबूच्या दांड्यात चिकाने बसवली. एक टोकाशी, दोन-तीन बाजूला काट्यांसारखी. एक तुटली तर तेवढीच बदलायची. सबंध बाणाग्र मोडले तर तासाभराची मेहनत वाया जाते. इथे चिमूटभर दगड वाया जातो. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव तालुक्यात पाटणे येथे एस. ए. साळी यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी केलेल्या उत्खननात अशा हत्यारांचे थर निघाले, आणि त्यांच्यासोबत सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि त्याच कवचावरची रेखाटने. ज्या हातांनी कवचावर सुबक रेघा ओढल्या त्या हातांना बाणाग्र सुबक करता आले नसते, असे कोण म्हणेल?

अवघड दगड वळवण्याची आणखी एक विद्या आहे, अग्नीची. चर्ट किंवा कॅल्सेडनी हळूहळू साधारण २५० ते ४०० अंशांपर्यंत तापवून तितकीच हळू निववली तर तिचा पोत बदलतो, टवका अधिक सहज सुटतो, तुटलेल्या पृष्ठावर मेणासारखी चमक येते. घाई केली तर दगड तडकतो, त्यावरून बशीसारख्या खपल्या उडतात. दक्षिण आफ्रिकेत पिनॅकल पॉइंट येथे ७२ हजार वर्षांपूर्वी माणसे सिल्क्रीट नावाचा भरड दगड असा भाजून घेत होती. आणि ही विद्या आपल्या शेजारी, खंभातच्या अकीक कारागिरांनी आजच्या काळापर्यंत चालवली. त्यांचा दगड रतनपूरच्या खाणींचा, म्हणजे दख्खनच्याच पाषाणातून जन्मलेला. तो आधी उन्हात वाळवतात, मग मडक्यात भाजतात. जमिनीत तिरपी रोवलेली लोखंडी सळई, तिच्या टोकाला दगड टेकवलेला, आणि वरून म्हशीच्या शिंगाच्या डोक्याची हलकी हातोडी. टवका सुटतो तो सळईच्या बाजूने. हाताला कळणाऱ्या या कामात पारंगत व्हायला वर्षे लागतात, असे त्यांच्याजवळ बसून अभ्यास केलेल्या संशोधकांनी नोंदवले आहे.

इथवर ऐकून काही रास्त आक्षेप आपल्या मनात आले असतील. पहिला आक्षेप असा, की हे इवले तुकडे बाणांचेच होते कशावरून? आक्षेप रास्त आहे, आणि सगळेच बाणांचे नव्हते हे मी मान्य करतो. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ उत्खनन केले. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची कॅल्सेडनीची पाती कापणीसाठी, चिरण्यासाठी, खरवडण्यासाठी वापरात होती. पण काही तुकडे बाणांचे होते याची साक्ष हाडांनी दिली आहे. उत्तर प्रदेशात प्रतापगढ जिल्ह्यातल्या सराय नाहर राय येथे मध्याश्मयुगीन मानवी सांगाड्याच्या बरगडीत रुतलेले सूक्ष्मास्त्र मिळाले. याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? शिवाय विष्णू श्रीधर वाकणकरांनी १९५७ मध्ये प्रकाशात आणलेल्या भीमबेटकाच्या चित्रांत धनुर्धर आहेत आणि त्यांच्या बाणांना बाजूचे काटे रेखाटलेले आहेत. दांडा, चीक, दोरी मातीत गेली. उरला फक्त दगड, आणि आपण त्या उरलेल्या दहाव्या हिश्शावरून सबंध बाणाची किंमत करतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. सगळे दगडानेच ठरवले असेल तर माणसाने काय केले? अवघड दगडाची ढाल पुढे करून मी कारागिराचे श्रेयही काढून घेत नाही ना? तसे होऊ नये म्हणून तिन्ही ठिकाणे शेजारी ठेवून पाहू. नेवासा, पाटणे, इनामगाव. तिन्हीकडचा कच्चा माल याच दख्खनच्या पाषाणातून आलेला, याच सिलिकेच्या कुळातला. नेवाशाच्या मध्य पुराश्मयुगीन, म्हणजे चिरकीच्या हातकुऱ्हाडींनंतरच्या, माणसाने त्यातून जाड तासण्या आणि टोके केली. पाटण्याच्या माणसाने नाजूक सूक्ष्मास्त्रे केली. इनामगावच्या माणसाने गाभ्याच्या एका कडेवर आलटून पालटून टवके काढून नागमोडी कणा तयार केला, त्या कण्यावर नेम धरून पहिले पाते सोडवले, आणि मग त्याच वाटेने एकामागून एक समांतर कडांची पाती काढली. दगड तोच, रीती तीन. दगडाने मर्यादा घातली. तिच्या आत काय करायचे ते प्रत्येक पिढीने ठरवले. म्हणून दगड समजून घेतल्याने कारागिराचे श्रेय कमी होत नाही, ते नेमके कशाचे आहे हे कळते.

लोखंड आल्यावर हे सारे संपले का? आपल्या विदर्भात त्याचे उत्तर मिळते. नागपूरजवळ नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी निघाली, माहुरझरीच्या शिळावर्तुळांतून लोखंडी हत्यारे निघाली. शस्त्र लोखंडाचे झाले. पण त्याच माहुरझरीला अकीकाचे आणि कार्नेलियनचे मणी घडत होते. कठीण सिलिकेचा गोटा कसा फोडायचा, कुठे थांबायचे, ही जाण रणातून उठून अलंकारात गेली.

आता मला जे सर्वांत तळमळीने सांगायचे आहे ते सांगतो. अवघड दगडांनी केवळ कारागिरालाच अडवले नाही, ते आपल्यालाही फसवतात. कॅल्सेडनीवरच्या टवक्यांच्या खुणा हजारो वर्षे ताज्या राहतात. काळा पाषाण मात्र हवेपाण्याने कुजतो, त्यावरच्या खुणा पुसट होतात, हातकुऱ्हाड साध्या गोट्यासारखी दिसू लागते. गारेवर खुणा मुळातच धड उमटत नाहीत. परिणाम काय होतो? गोळा करणारा चमकदार, रंगीत, नीटस तुकडा उचलतो आणि बाकीचे तिथेच सोडतो. मग कपाटात कॅल्सेडनीच जमते, आणि त्या कपाटावरून आपण म्हणतो की त्या माणसांनी कॅल्सेडनीच वापरली. पुराव्याचा हा कल आपणच निर्माण केलेला आहे. अवघड दगडाची कथा ऐकायची तर टाकून दिलेला मालच पाहावा लागेल. फसलेला टवका, मध्येच मोडलेले पाते, दोन्ही टोकांनी चेचलेली गारगोटी. तयार बाण शिकारीबरोबर रानात गेला. घडवणाऱ्याचा विचार, त्याच्या चुका आणि दुरुस्त्या हे मात्र या कचऱ्यात, एका जागी, थरात पडून आहेत.

आणि ते थर आपल्या डोळ्यांदेखत जात आहेत. चंद्रपूरची पापामियाँ टेकडी पाषाणयुगीन हत्यारांसाठी ओळखली जाते. तिच्या परिसरात वैद्यकीय महाविद्यालयाचे बांधकाम आले. वर्धेच्या खोऱ्यात उघड्या कोळसा खाणींसाठी वरची माती, मुरूम, जुन्या नदीचे गोटे सरसकट उकरून ढिगाऱ्यावर जातात. वाळू उपशाने पात्रे खरवडली जातात. कोळसा काढू नका, इमारती बांधू नका, असे मी म्हणत नाही. या गावाचे पोट ज्यावर चालते त्याच्याविरुद्ध बोलण्याचा मला अधिकार नाही. पण कोळशापर्यंत पोचण्याआधी जो वरचा थर उकरला जातो तो अभ्यासकाला एकदा पाहू द्यायला किती वेळ लागतो? खाणीचा आराखडा काही वर्षे आधी तयार असतो. त्या वर्षांत महाविद्यालयातला भूगोल किंवा इतिहास विभाग काठाकाठाने चालत जाऊन नोंद करू शकतो.

नोंद म्हणजे उचलाउचल नव्हे, हे तरुण श्रोत्यांना मुद्दाम सांगतो. थरातून उचललेला तुकडा मुका होतो. तो जागीच ठेवून शेजारी मोजपट्टी ठेवावी, छायाचित्र घ्यावे, गाव, नदीचा काठ, थराची खोली लिहावी आणि पुरातत्त्व विभागाला कळवावे. निर्गुडा नदीच्या काठी किंवा जुगादला गेलात तर रंगीत अकीकाकडे नजर जाईलच. ती जाऊ द्या. पण त्याच्या शेजारचा करडा, कुजक्या सालीचा बेसॉल्टचा गोटाही पाहा. त्याच्या दोन्ही अंगांना समोरासमोर खोलगट खुणा आहेत का? कड एका रेषेत येते का? पांढऱ्या गारगोटीची दोन्ही टोके चेचलेली आहेत का, आणि तशाच आणखी चार-पाच एका हातभर जागेत आहेत का? असतील तर तिथे कोणीतरी ऐरण मांडून बसले होते. त्या जागेचे टिपण आधी करा, आणि आसपासच्या प्रत्येक टवक्यासह ती जागा तशीच राहू द्या.